नाव मागतंय पोर

चैत्र सरता सरता कालव्याचे पाणी बंद झाले. शहराला प्यायलाच पुरत नाही, मग शेताला कोठून द्यायचे, असे वरून सांगण्यात आले आणि धायरीच्या शिवारातली मेथी दोन उन्हांत मान टाकून बसली. सोजरबाईच्या घराला विहीर होती म्हणून कसेबसे निभावत होते. पण विहिरीनेही आता तळातले दगड दाखवायला सुरुवात केली होती. मोटर नुसती घरघरायची. मग पोहरा सोडायचा, तो खाली खणकन आपटायचा आणि वर येईपर्यंत अर्धा सांडलेला असायचा. हे काम सरूचे होते. या घरातली जी कामे कोणाची म्हणून ठरलेली नव्हती, ती सगळी सरूची होती.

सरू ही सोजरबाईची थोरली सून. तिचा नवरा जाऊन तिसरे वर्ष सरत आले होते. सायकलीला भाजीची बाचकी बांधून तो पहाटे मार्केट यार्डाकडे निघाला आणि सिंहगड रस्त्यावर ट्रकखाली सापडला. पोटी मूल नव्हते. माहेरचा भाऊ न्यायला आला, तेव्हा सरू गेली नाही. का गेली नाही, हे तिला कोणी विचारले नाही आणि तिनेही स्वतःला विचारले नाही. नवऱ्याचे नाव तिने आयुष्यात एकदाच घेतले होते. लग्नात, बायकांनी उंबऱ्यात अडवून धरली तेव्हा, उखाण्यात गुंफून, मान खाली घालून. त्यानंतर तो होता तोवर 'हे' म्हणण्यात भागले, आणि तो गेल्यावर तेही म्हणण्याचे कारण उरले नाही.

धाकट्या दिराला, भैरूला, त्याच उन्हाळ्यात मुलगा झाला. त्याच्या बायकोला, शकूला, आई नव्हती. म्हणून बाळंतपण सासरीच झाले. आतल्या खोलीत बाजेखाली शेगडी धुमसत होती, शेपा-ओव्याच्या धुराने डोळे चुरचुरत होते, आणि पत्र्यावरचे ऊन त्या धुरात खाली उतरून बसत होते. पाचवी पुजली, आणि दुसऱ्या दिवसापासून पोर रडू लागले. आधी जोराने, मग हट्टाने, आणि मग लाकूड चिरल्यासारखे, एका सुरात.

"का गं सोजरे, का रडतंय येवढं?" शेजारच्या आनंदीबाईने कुंपणावरून विचारले.

"अंगावर घेईना," सोजरबाई म्हणाली. ती अंगणात जोंधळे पाखडत होती. "वाईच वढतंय आन तोंड फिरवतंय."

"मग नाव मागत आसंल. घरातलं कुणीतरी माघारी आलं आसंल बग. आमच्या धाकट्याला न्हवतं का? आज्याचं नाव घेतलं, तवा कुठं गप झाला. इचारून बगा."

सोजरबाईच्या हातातले सूप थांबले, आणि जोंधळ्यांवर बसलेला भुसा बराच वेळ तसाच राहिला. विहिरीवरून घागर घेऊन येणाऱ्या सरूने ते पाहिले.

आत शकू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या छातीची एक बाजू दगडासारखी घट्ट झाली होती, वरची कातडी लाल आणि तकतकीत. सरूने बोट लावताच ती कळवळली.

"नगा, आक्का. जीव जातोय."

"दुसऱ्या बाजूला येतंय का?"

"येतंय. थेंब थेंब. त्याला पुरंना." शकूचे ओठ तापाने फुटले होते. "आक्का, ह्यो माझ्यावर रुसलाय का वो?"

सरू बाहेर आली आणि खांबाला धरून उभी राहिली. शब्द जुळवायला तिला नेहमीच वेळ लागे.

"आई, शेळीचं वाईच दूध पाजावं का त्याला? पाणी घालून?"

"वरचं दूध एकदा तोंडाला लागलं, की आईचा पान्हा आटतो," सोजरबाई पाखडता पाखडता म्हणाली. "आन तुला काय ठावं गं? तुज्या मांडीवर कवा खेळलं?"

हे ती रागाने बोलली नाही. आज वारा पडलाय म्हणावे, तसे बोलली. सरूने घागर पुन्हा कमरेवर घेतली आणि ती विहिरीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सोजरबाईने भैरूला मार्केट यार्डाला जाऊ दिले नाही. तिने सोपा सारवून घेतला, हळद-कुंकवाचा करंडा काढून ठेवला, आणि घरातल्या सुपाची कड उसवलेली होती म्हणून धड सूप आणायला आणि आनंदीबाईला बोलवायला ती शेजारी गेली. भैरू नाहायला विहिरीवर होता. शकू तापात झोपली होती. त्या सगळ्या घरात एक सरू जागी होती आणि एक ते पोर. त्याचा आवाज बसला होता. तोंड उघडे राही, गळा हले, आणि थोड्या वेळाने खरखर ऐकू येई.

सरूने त्याच्याकडे पाहिले आणि ती सरळ गोठ्यात गेली. उन्हाळ्याने शेळीही आटत चालली होती. तरी वाटीच्या तळाला पुरेल एवढे निघाले. त्यात तिने कोमट पाणी घातले, कापसाची वात वळली आणि दुधात बुडवून पोराच्या ओठाला लावली. आधी ते दूध गालावरून ओघळले. मग एकदम त्या तोंडाला काय करायचे ते कळले. पोराने वात अशी धरली, की ती सोडवून पुन्हा बुडवताना सरूला हिसका द्यावा लागला. वाटी संपेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत. मुठी तेवढ्या एकेक बोटाने सैल होत गेल्या. एवढ्या लहान अंगात एवढी घाई असते, हे सरूला ठाऊक नव्हते.

अंगणात चाहूल लागली तशी तिने पदराने त्याचे तोंड पुसले, त्याला बाजेवर ठेवले आणि वाटी पाण्याच्या पिंपामागे सारली. मांडीची ऊब गेल्यामुळे आणि पोटात वारा अडल्यामुळे पोर पुन्हा कुरकुरू लागले.

सुपात ओंजळभर जोंधळे पसरून, वर मऊ लुगड्याची घडी टाकून सोजरबाईने पोराला त्यात निजवले. सूप तिने स्वतः धरले.

"भैरू, तू नावं घे. मला घेता यायची न्हाईत."

सासऱ्याचे नाव आणि नवऱ्याचे नाव. दोन्ही सोजरबाईच्या तोंडाला बंद होती. भैरू लाजल्यासारखा पुढे वाकला.

"केरबा," तो पोराच्या कानाशी म्हणाला. पोर कुरकुरतच होते.

"मोठ्यांदी घे. आता तुज्या बापाचं."

"सर्जेराव."

पोराने पाय झाडले. आनंदीबाईने हुंकार भरला. भैरू आईकडे बघून थांबला. आणि सोजरबाईने नुसते सूप थोडेसे वर उचलून धरले, जणू ते कोणाच्या तरी हाती द्यायचे होते.

"जयसिंग," भैरू म्हणाला.

पोराला ढेकर आली. त्याने तोंड मिटले, मान एका बाजूला टाकली आणि ते निजले.

पत्र्यावर चिमण्यांची पावले वाजत होती. सोजरबाईने सूप खाली ठेवले, पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती त्या सुपावर वाकली. बराच वेळ तिची पाठ तेवढी हलत होती.

"आला," ती शेवटी म्हणाली. "आला गं माजा."

भैरूने गमछ्यात तोंड खुपसले. आनंदीबाईने दोन्ही हातांनी सुपावरून ओवाळून बोटे कानशिलावर मोडली. सरू पिंपाशी उभी होती. तिने बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात सोजरबाईने वर पाहिले, आणि त्या चेहऱ्यावर तिला तीन वर्षांपूर्वीची सोजरबाई दिसली. भाकरीच्या टोपलीवर हात ठेवून थोरल्या मुलाची वाट बघणारी. सरूने तोंड मिटून घेतले.

बातमी आळीत पसरली. दुपारी बायका पोर बघायला आल्या. सरू सगळ्यांना गूळ-पाणी देत होती. ती बाजेपाशी आली, तशी आनंदीबाई म्हणाली, "सरे, डोईवर पदर घे गं. धनी जागा हाय."

बायका खूप हसल्या. शकूसुद्धा तापातून हसली. आणि सरूला कळले, की आपला हात आधीच पदराकडे गेलेला आहे.

ते हसू ओसरल्यावर पोर चुळबुळले, म्हणून तिने त्याला घ्यायला हात पुढे केले.

"तू नगं," सोजरबाई म्हणाली.

सरूचे हात तसेच राहिले.

"एकदा तुज्या पदरात घातला हुता म्या त्याला," सोजरबाई हळू आवाजात म्हणाली, बायकांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू. "आता ऱ्हाऊ दे."

त्या दिवसापासून बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा सरूला बंद झाला. शेगडीचे निखारे ती दारात ठेवी, पेज दारात ठेवी, पोराची मळलेली धडुती, लंगोट दारातून उचली. आणि दिवसभर, विहिरीवर, गोठ्यात, वाफ्यात, जिथे असेल तिथे तिला ती हाक ऐकू येई. "जयसिंगा, ए जयसिंगा. ऊठ की रं. डोळं उघिड की." सोजरबाईचा आवाज जाडाभरडा होता, पण त्या नावापाशी आला की तो मऊ पडे. गेल्या तीन वर्षांत ती कोणा पाहुण्याला 'माझा जयसिंग असता तर' म्हणून सांगे तेवढेच. आता ते नाव पुन्हा घरात हिंडू-फिरू लागले. कोणी उठवी, कोणी निजवी. भैरू शेतातून आला की विचारी, "जयसिंग काय म्हनतोय?"

पहिल्यांदा हाक आली, तेव्हा सरूच्या हातून दोर सुटला आणि पोहरा विहिरीत गेला. तो काढायला तिला निम्मा दिवस लागला, आणि सोजरबाईने दोन शब्द सुनावले. नंतर सवय होईल, असे तिला वाटले. तशी ती झाली नाही. हाक आली की हातातले काम थांबे. आणि हाक बराच वेळ आली नाही, की आपण घागर मुद्दाम सावकाश भरतो आहोत, पाट उगाच पुन्हा साफ करतो आहोत, हे तिच्या ध्यानात येई. या गोष्टीची तिला लाज वाटे. कोणाला सांगण्यासारखी ती लाज नव्हती.

धडुती धुण्याचे काम मात्र तिच्याकडेच होते, आणि तिथेच तिला ते पहिल्यांदा जाणवले. रोज धुवायला पडणारी रास लहान होत चालली होती. मग एका सकाळी तिने दारातले लंगोट उचलले, आणि ते कोरडे होते. नाकाशी धरून पाहिले, तर नुसता धुराचा वास आला.

पोराचे रडणेही कमी झाले होते.

"बगा," सोजरबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "नाव मिळालं आन पोर कसं निवांत झालं. लहानपणी बी असाच गुणाचा हुता."

तेल लावायला सोजरबाईने पोराला उजेडात घेतले, तेव्हा उंबऱ्याबाहेरून सरूला त्याची टाळू दिसली. मऊ मातीत अंगठा दाबावा, तशी ती खाली गेली होती. मांड्यांची कातडी सुरकुतून लोंबत होती. तेलाचा हात फिरला, तरी त्याने आवाज केला नाही. नुसते तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना भैरू टेंपोत कोथिंबिरीच्या पाट्या चढवत होता. सरू खालून एकेक पाटी देत होती.

"भावजी, पोराचं लक्षण मला ठीक दिसंना."

"आई म्हनती, निवांत झालंय."

"निवांत न्हवं. थकलंय त्ये. धडुती कोरडी येत्यात."

भैरूने दोर आवळला. आवळलेला दोर पुन्हा सोडला आणि पुन्हा आवळला.

"वयनी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आई हसाय लागलीय. तुमी बघितलं का? काल माज्याबरूबर जेवली. दादा गेल्यापासनं ती माज्याबरूबर बसून कवा जेवली न्हवती." मग दोराची गाठ मारत म्हणाला, "म्या कुठल्या तोंडानं सांगू तिला?"

टेंपो निघून गेला. कोथिंबिरीचा ओला वास बराच वेळ तिथे राहिला.

त्या दुपारी सरूने सोजरबाईपाशी पुन्हा विषय काढला. सोजरबाई अंगडे शिवत होती. तिने दोरा दाताने तोडला.

"माज्या जयसिंगाला म्या अंगावर वाढीवलाय. शेळीवर न्हाई. दम काढला, की फुटंल शकूचा पान्हा." आणि मग, अंगडे हातावर पसरून बघत, "तुला त्याचं नाव सोसंना का गं?"

ते अगदीच खोटे नव्हते, हे सरूला ठाऊक होते.

बाराव्या दिवशी बारसे ठरले होते. सकाळच्या गाडीने आत्या आली. भैरूची बहीण विजयमाला शहरात सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहत होती. नवरा छापखान्यात होता. तिने जरीची कुंची आणली होती, आणि पेठेतली बोलीही थोडीशी अंगावर घेऊन आली होती.

"अगं शकू, केवढं अंग तापलंय तुझं," ती आत जाताच म्हणाली. "आई, डॉक्टरला नाही दाखवलंत?"

"बारशाच्या आधी बाळंतीन उंबऱ्याभाईर काढत न्हाईत, इजे."

"उंबऱ्याबाहेर काढत नाहीत आणि आत मरू देतात. छान आहे." विजयमालेने हसण्यावारी नेले, पण शकूच्या कपाळावरचा हात तिने लवकर काढला नाही. "मी तर माधव नाव घेऊन आले होते. आमच्या मालकीणबाईंच्या नातवाचं आहे. पण आता दादाच आलाय म्हटल्यावर काय."

"बामनाचं नाव कशाला आपल्याला?" आनंदीबाई म्हणाली.

सोप्यात आडव्या तुळईला पाळणा टांगला होता. बायका दाटीने बसल्या होत्या आणि पदरांनी वारा घेत होत्या. विधवेने पाळण्याला हात लावायचा नसतो, म्हणून सरू दारापाशी घुगऱ्यांची परात घेऊन उभी होती. पाळण्याच्या एका बाजूला विजयमाला आणि दुसऱ्या बाजूला आनंदीबाई उभी राहिली. पोराला पाळण्याखालून एकीने दुसरीच्या हाती द्यायचे आणि वरून परत घ्यायचे.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," आनंदीबाई म्हणू लागली.

पोर खालून गेले, वरून आले. पुन्हा खालून गेले. जरीच्या कुंचीत त्याचे तोंड मुठीएवढे दिसत होते. इतक्या हातांतून गेले, इतका गलका झाला, तरी ते रडले नाही. वरून येताना त्याचा एक हात दुपट्याबाहेर निसटला आणि लोंबत राहिला; कोणी तो आत घेतला नाही आणि त्यानेही ओढून घेतला नाही. सरू त्या हाताकडे बघत होती. विजयमालेने पोराला पाळण्यात ठेवले, आणि ती त्याच्या कानाशी वाकली.

"थांबा, वन्सं," सरू म्हणाली.

तिचा आवाज एवढ्या माणसांत कोणी कधी ऐकला नव्हता. विजयमाला वाकलेली तशीच वळली.

"त्यो नावानं गप झाला न्हवता," सरू म्हणाली. परात तिच्या हातात होती आणि घुगऱ्या एका बाजूला घरंगळत होत्या. "म्या दूध पाजलं हुतं त्याला. शेळीचं. आई सूप आणाय गेल्या तवा. पोट भरलं म्हणून निजला. कुणाच्याबी नावावर निजला आसता. भूक हाय ती, आई. नाव मागत न्हवता त्यो."

"काय बोलतीस गं ह्ये, सरे," आनंदीबाई म्हणाली. "आज, ह्या येळंला?"

"हिला बघवंना," मागून कोणीतरी पुटपुटले.

सोजरबाई उठली. वाटेतल्या बायकांनी पाय आखडून घेतले. ती सरूच्या समोर येऊन उभी राहिली. मारणार, असे सगळ्यांना वाटले. सरूलाही वाटले, आणि तिने परात छातीशी धरली.

"कशात पाजलंस?" सोजरबाईने विचारले.

"वाटीत. कापसाची वात करून."

"घेतलं त्यानं?"

"वात सोडंना."

सोजरबाई मागे फिरली आणि पाळण्यावर वाकून तिने आत पाहिले. तिने पोराकडे या दिवसांत सारखे पाहिले होते. पण आता ती वेगळे पाहत होती, अनोळखी माणसाच्या दारात उभे राहून आत पाहावे, तसे. तो दुपट्याबाहेर पडलेला हात तिने पाहिला. हातावरचा तेलाचा थर पाहिला, आणि त्या थराखालची सुकलेली कातडी. नाव मिळाल्यापासून तिच्या चेहऱ्यावर जे काही वर आले होते, ते सावकाश खाली गेले.

"मग काढ जा दूध," ती म्हणाली. "हुबी का ऱ्हायलीस?"

सरू निघाली. मागे सोजरबाईचा आवाज तिला ऐकू आला. "इजे, तुजं काय त्ये नाव, त्ये ठिव."

"आई, पण दादा…"

"त्यो मेला," सोजरबाई म्हणाली.

आजपर्यंत ती 'गेला' म्हणत होती. हा शब्द तिने कधी वापरला नव्हता.

सरू गोठ्यात शेळीखाली बसली. पहिल्या धारा वाटीबाहेर मातीत गेल्या. आतून विजयमालेचा आवाज आला. रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीवर थापा मारल्या, तेही ऐकू आले. एरवी त्या थापांबरोबर हसण्याचा कल्लोळ उठतो. तो उठला नाही.

विजयमालेने त्याच दिवशी शकूला रिक्षात घालून पेठेतल्या डॉक्टरकडे नेले. गळू झाले होते. ते फोडावे लागले. आठ-दहा दिवस शकू नणंदेकडे राहिली, आणि पोर सरूच्या मांडीवर शेळीच्या दुधावर राहिले. पहिले काही दिवस कशाचीच खात्री नव्हती. दूध उलटून पडे, टाळू वर येई आणि पुन्हा खाली जाई. सरू दर खेपेला वात धुऊन वाळत घाली, आणि हातावर थेंब टाकून बघे. मग एका सकाळी धडुत्यांची रास पुन्हा वाढलेली तिला दिसली, आणि ती त्या ओल्या राशीवर हात ठेवून विहिरीच्या कठड्यावर थोडा वेळ बसून राहिली.

तिला कोणी काही बोलले नाही. शिव्या येतील, भावाला निरोप जाईल, यासाठी तिने मन घट्ट करून ठेवले होते. पण सोजरबाईने त्या गोष्टीचा शब्दसुद्धा काढला नाही. ती कामाला लागली, जेवायची वेळ झाली की एकटी जेवू लागली, आणि पोराला घ्यायची वेळ आली की घेई. उतरवून ठेवायची वेळ झाली की ठेवी. आषाढात कालव्याला पाणी सुटले. मेथीचे वाफे पुन्हा हिरवे झाले. शकू उभी राहिली. सगळे त्याला माधव म्हणू लागले, आणि त्या नावाला कोणाची हरकत नव्हती. सरूही म्हणे. ते नाव तिच्या तोंडात कुठे अडत नसे.

फक्त दुसरे नाव घरातून गेले. पाहुणे आले आणि बोलणे त्या बाजूला वळले, तर सोजरबाई उठून आत जाई. भैरू 'दादा' म्हणे तेवढेच. सरूच्या हे एकदम ध्यानात आले नाही. घागर भरून झाल्यावरही आपण विहिरीवर उभ्या आहोत, कान घराकडे लावून, आणि तिकडून काहीच येत नाही, असे एकदा झाले, पुन्हा झाले, आणि मग ते तिला कळले. तिला ते नाव घेता येत नव्हते. जिला घेता येत होते, तिच्या तोंडून ते सरूनेच काढून घेतले होते.

श्रावणातल्या एका दुपारी दोघी बांधावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. आभाळ भरून थांबले होते. लिंबाखाली गोणपाटावर पोर पालथे पडून मान उचलायला शिकत होते. दोन क्षण उचली आणि पुन्हा नाक गोणपाटात घाली. सोजरबाई झपझप काम करत होती. तिच्या बोटांना मेथीचा हिरवा रंग चढला होता.

"आई," सरू म्हणाली.

"काय?"

"एक हाक मारा की."

सोजरबाईचे हात थांबले. जुडीचा दोरा तिने दातात धरला होता. तो काढून तिने सरूकडे पाहिले. तिला कळले होते की नव्हते, ते त्या चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हते.

"कुणाला?" तिने विचारले.

सरूचे ओठ हलले. लग्नातला तो उंबरा, त्या बायका, तो उखाणा तिला सबंध आठवत होता. नावापाशी येऊन मात्र जीभ टाळूला चिकटून बसली. सोजरबाई थांबली होती. एवढा वेळ ती कशासाठीच थांबत नसे. बांधाखालून पाटाचे पाणी वाहत होते. दूर रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि त्याचा आवाज विरेपर्यंत दोघी तशाच बसल्या.

"माधवाला," सरू म्हणाली.

सोजरबाईने दोन गाठी मारल्या, जुडी पाटीत टाकली, आणि लिंबाकडे तोंड करून जाड्या, कोरड्या आवाजात हाक मारली. "माधवा."

पोराने मान उचलून आवाजाच्या दिशेने पाहिले. आणि दोघींनी, एकमेकींकडे न बघता, पुढच्या जुडीला हात घातला.